गर्भवतीची धास्ती आणि 'उत्तररामचरित'

'उत्तररामचरित' हें नाटक करुणरसाचें म्हणून आपल्याकडे इतकें प्रसिद्ध झालें आहे कीं, तें हातीं घेतांनाच वाचकाचे डोळे ओले व्हावयास तयार असतात. त्याचा परिणाम असा होतो कीं, पहिला अंक आपण जरा घाईनेंच ओलांडतों. चित्रदर्शनाचा प्रसंग गोड आहे, रामसीतेचें प्रेम उदात्त आहे, आणि दुर्मुख येईपर्यंतचें हें सर्व पुढील शोकाची पूर्वतयारी म्हणून योजिलें आहे, असें म्हणून आपण तिसऱ्या अंकाकडे, म्हणजे छायांकाकडे, धांव घेतों. आमचें म्हणणें असें आहे कीं, पहिला अंक ही नुसती पूर्वतयारी नव्हे. एका दांपत्याला मूल व्हावयाचें आहे, घरांत वडील माणूस कोणी नाहीं, आणि दोघेंहि आपआपल्या मनांत भ्यालीं आहेत, हा त्या अंकाचा खरा विषय आहे. तो विषय ध्यानांत घेतला म्हणजे शेवटच्या अंकाचा अर्थहि निराळा दिसूं लागतो.

हें आमच्या ध्यानांत केवळ पुस्तकावरून आलें असें मात्र नाहीं. गेल्या वर्षीं आमची मुलगी बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. त्यापूर्वीं दोन वर्षें, तिसऱ्या महिन्यांत, तिचा एक गर्भ गेला होता. त्या गोष्टीचा उच्चार घरांत कोणी करीत नसे. जांवई नोकरीमुळें नागपुरास राहिले होते. रोज रात्रीं नऊ वाजतां त्यांचा फोन येई. "कशी आहेस?" "बरी आहे. तूं?" "मी मजेंत." एवढें बोलणें झालें कीं फोन खालीं ठेवला जाई, आणि मग मुलगी खिडकीपाशीं मध्यरात्रीपर्यंत बसून राही. पुढें पुष्कळ दिवसांनीं जांवयांनीं आमच्यापाशीं कबूल केलें कीं, त्या काळांत त्यांनाहि झोंप येत नसे. रात्रीच्या रात्री ते गर्भारपणांतल्या संकटांविषयीं मिळेल तें वाचीत बसत. दोघांनींहि एकमेकांस भीति वाटूं नये म्हणून आपआपली भीति दडविली होती, आणि दडविल्यामुळें ती दोन्ही ठिकाणीं दुणावली होती. त्याच दिवसांत सहज म्हणून भवभूति हातीं घेतला, आणि अनेक वेळां वाचलेला पहिला अंक आम्हांस अगदीं नवा वाटला.

गर्भिणीच्या मनाचा विचार आपल्या पूर्वजांनीं केला नव्हता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. 'डोहाळे' या आपल्या घरगुती शब्दाच्या मुळाशीं 'दौहृद' ही कल्पना आयुर्वेदानें ठेविली. गर्भारपणांत स्त्रीच्या ठायीं दोन हृदयें नांदतात, म्हणून तिची इच्छा ही तिची एकटीची इच्छा नव्हे, असें सुश्रुत सांगतो. चरकानें तर फार मार्मिक दृष्टान्त दिला आहे. तेलानें कांठोकांठ भरलेलें भांडें ज्याप्रमाणें हिंदकळूं न देतां सांभाळावें, त्याप्रमाणें गर्भवतीला सांभाळावें, असें तो म्हणतो. हा दृष्टान्त सांभाळणाऱ्याला उद्देशून आहे, हें येथें विसरतां कामा नये. भांड्यानें हिंदकळूं नये असा उपदेश चरक भांड्याला करीत नाहीं.

परंतु या शास्त्राला दुसरीहि एक धार होती. डोहाळे अपुरे राहिले तर मूल कुबडें, लंगडें, मंद किंवा ठेंगणें निपजेल, असेंहि सुश्रुतांत सांगितलें आहे. आजचें वैद्यक हें मानीत नाहीं. पण समजूत शास्त्रांतून गेली तरी घरांतून जात नाहीं. ज्या वचनानें घरच्या माणसांस गर्भिणीची काळजी घ्यावयास लावलें, त्याच वचनानें गर्भिणीच्या मनांत एक नवी काळजी पेरली: आपल्या मनांतलें कांहीं चुकलें तर तें बाळाच्या अंगावर उमटेल! आज 'गर्भसंस्कारा'च्या नांवाखालीं जो उपदेश घरोघर होतो, त्यांतहि पुष्कळदां हीच धार असते. 'प्रसन्न राहा, वाईट मनांत आणूं नकोस' असें भ्यालेल्या मुलीला सांगितलें, म्हणजे तिला आपल्या भीतीचीहि भीति वाटूं लागते.

संस्कृत कवींपैकीं कालिदासानें हा विषय प्रथम हातीं घेतला तो 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गांत. तेथील चित्र निर्भर सुखाचें आहे. सुदक्षिणेला दिवस गेले आहेत, तिला मातीची आवड लागली आहे, आणि लाजेमुळें ती आपली इच्छा बोलून दाखवीत नाहीं, म्हणून दिलीप तिच्या सख्यांना पुनःपुन्हां विचारीत आहे कीं, हिला हवें तरी काय? पट्टराणीचा पति, पृथ्वीचा राजा, पण बायकोच्या मनांतलें कळावें म्हणून तो सख्यांच्या मागें लागतो. या एका रेषेंत कालिदासानें पतीची सारी अगतिकता रेखाटली आहे. मात्र ती गोड अगतिकता आहे. दिलीपाच्या घरीं बालचिकित्सेंत कुशल असे वैद्य आहेत, पुंसवनादि संस्कार यथाकाल होत आहेत, सख्या भोंवतीं आहेत, आणि पृथ्वीवर असें कांहीं नाहीं कीं जें राजाला आणून देतां येणार नाहीं. म्हणून तेथें चिंता आहे, पण धास्ती नाहीं. सांभाळणारे हात पुष्कळ असले म्हणजे चिंतेचें रूपान्तर लाडांत होतें.

भवभूतीनें नेमके हे हात काढून घेतले. नाटकाच्या आरंभींच आपणांस कळतें कीं, वसिष्ठ, अरुंधती आणि रामाच्या माता या सर्व मंडळी जांवई ऋष्यशृंग याच्या बारा वर्षांच्या सत्रासाठीं गेल्या आहेत. सीतेचा पिता जनकहि नुकताच मिथिलेस परतला आहे; त्यामुळें ती उदास झाली आहे. मग अष्टावक्र निरोप घेऊन येतो. हे निरोप आपण नीट ऐकले पाहिजेत. वसिष्ठ म्हणतात, आम्ही यज्ञांत अडकलों आहों, तूं अद्याप लहान आहेस आणि राज्य नवें आहे, तेव्हां प्रजेला संतुष्ट ठेव. अरुंधती आणि राजमाता बजावतात कीं, सीतेला जे जे डोहाळे होतील ते विनाविलंब पुरवीत जा. आणि ऋष्यशृंगाचा निरोप सीतेला आहे: तुझे दिवस भरत आले म्हणून तुला आणलें नाहीं, आणि तुझें मन रमवावें एवढ्याचसाठीं रामाला मागें ठेविलें.

या तीन निरोपांत सबंध नाटक आलें आहे. एका तरुण माणसावर एकाच दिवशीं दोन कर्तव्यें टाकलीं आहेत: प्रजेचें समाधान आणि गर्भिणीचें समाधान. दोहोंचा मेळ कसा घालावा, हें सांगावयास वडीलधाऱ्यांपैकीं कोणी जवळ नाहीं. आणि राम उत्तर काय देतो? लोकांच्या संतोषासाठीं स्नेह, दया, स्वतःचें सुख, फार काय प्रत्यक्ष जानकी सोडावी लागली तरी मला व्यथा होणार नाहीं, असें तो म्हणतो. आणि तेंहि जानकी शेजारीं बसली असतां! टीकाकार या उक्तींत राजधर्माचें तेज पाहतात. आम्हांस तींत एका नवख्या माणसाची घाबरट प्रौढी दिसते. ज्याला आपल्या बळाची खात्री नसते, तोच असल्या प्रतिज्ञा मोठ्यानें करतो.

पुढें चित्रदर्शन. वनवासाचीं चित्रें सीतेच्या करमणुकीसाठीं आणविलीं आहेत, आणि त्यांचा शेवट तिच्या अग्निशुद्धीच्या प्रसंगापर्यंत येऊन पोंचला आहे. करमणुकीसाठीं निवडलेली ही वस्तु पाहिली म्हणजे पुरुषांच्या हेतूविषयीं शंका येत नाहीं, पण त्यांच्या समजुतीविषयीं येते. शूर्पणखेचें चित्र येतांच सीता दचकून ओरडते. जणूं रामाचें दर्शन आतां पुरें झालें, असें तिला वाटतें. राम तिला म्हणतो: वियोगाला एवढी काय भितेस, हें चित्र आहे! वरवर पाहतां हें लाडिक सांत्वन आहे. परंतु जनस्थानाचीं चित्रें पुढें आलीं म्हणजे तोच राम स्वतः व्याकुळ होतो, आणि माल्यवान् पर्वताच्या चित्रापाशीं तर लक्ष्मणाला पुरे म्हणून सांगतो, कारण सीतेचा वियोग पुन्हां आल्यासारखा त्याला वाटतो. म्हणजे धास्ती दोघांचीहि एकच आहे. फरक एवढाच कीं, सीतेची धास्ती बोलून दाखविली जाते आणि तिला 'चित्र' म्हणून बाजूला सारलें जातें. रामाची धास्ती मनांत राहते आणि तिचें नांवहि कोणी घेत नाहीं.

ही मनाची अवस्था भवभूतीनें किती बारकाईनें पाहिली आहे, तें पुढच्या चार-दोन ओळींच्या संवादांत दिसतें. चित्रें पाहून सीतेला डोहाळा होतो: त्या शांत वनांतून पुन्हां हिंडावें, भागीरथींत स्नान करावें. राम लगेच रथाची आज्ञा देतो. मग सीता म्हणते, तुम्हीहि बरोबर यावयाचें. राम म्हणतो, कठोर हृदयाचे, हें का सांगावें लागतें? ज्या स्त्रीचें मन स्वस्थ आहे ती असें विचारीत नाहीं. सीतेचा खरा डोहाळा वनाचा नव्हेच. 'बरोबर यावयाचें' हा तिचा डोहाळा आहे. आणि नेमका तेवढाच पुरविला जात नाहीं. थोड्याच वेळानें ती त्याच्या बाहूवर डोकें ठेवून झोंपी जाते. हिचें सारेंच प्रिय आहे, असह्य आहे तो केवळ विरह, असे शब्द रामाच्या तोंडून निघतात न निघतात तोंच प्रतिहारी येऊन 'आला' म्हणून वर्दी देते. आला असतो दुर्मुख. पण प्रेक्षकाच्या कानीं पडतें तें विरहाचेंच आगमन. झोंपेंत सीता रामाला हांक मारते, आणि राम समजतो कीं चित्रांचा हा परिणाम आहे.

नंतर जें घडतें त्याची नीति-अनीति पुष्कळांनीं चर्चिली आहे. आम्हांस येथें निराळ्या गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. ज्या डोहाळ्यासाठीं रथ सज्ज झाला, त्याच रथांतून सीतेला सोडण्यांत आलें. घरीं वाढविलेली पक्षीण खाटकाच्या हातीं द्यावी तसें मी कपटानें हिला देत आहें, असें राम स्वतःच म्हणतो. सीता जागी होते तेव्हां तो निघून गेलेला असतो. तिला थोडा राग येतो, पण तो प्रेमाचा राग आहे. ती आनंदानें निघते. पोटांतला भार हालतो आहे, सावकाश जाऊं, एवढें म्हणते. हे तिचे शब्द रामाच्या कानीं पडलेलेच नाहींत. आणि बारा वर्षांनीं, तिसऱ्या अंकांत, वासंतीनें टोंचून विचारल्यावर राम जेव्हां तिच्या अंताची कल्पना करतो, तेव्हां त्याच्या डोळ्यांपुढें भ्यालेल्या पाडसासारखी नजर आणि हालणाऱ्या गर्भाच्या भारानें जड झालेली तीच सीता उभी राहते. न ऐकलेलें वाक्य माणसाला बारा वर्षांनीं ऐकूं येतें, असा हा प्रकार आहे.

कालिदासाच्या चौदाव्या सर्गांतहि त्यागाला डोहाळ्याचेंच निमित्त आहे, हें खरें. परंतु तेथें दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कालिदासाची सीता बोलते. लक्ष्मणाकरवीं ती 'त्या राजाला' निरोप पाठविते, आणि पोटांत त्याचें तेज नसतें तर हें जीवित ठेविलें नसतें, असें स्पष्ट सांगते. शिवाय तिचें रडणें ऐकून वाल्मीकि येतात, आणि प्रसूति आश्रमाच्या आधारांत होते. भवभूतीनें हे दोन्ही आधार काढले. त्याची सीता त्यागाच्या क्षणीं आपणांस दिसतच नाहीं. तिला कळा लागतात त्या निर्जन रानांत, आणि ती गंगेंत उडी टाकते. येथेंच आमची भवभूतीविषयीं एक तक्रारहि आहे. दुःखाची खोली त्यानें वाढविली, पण पहिल्या सहा अंकांत त्या दुःखाची वाणी बहुतेक रामाला दिली. रामाच्या मूर्च्छा आपण मोजूं लागतों, आणि जिच्यावर प्रसंग ओढवला ती स्वतः काय विचार करीत होती, हें मुरलेच्या आणि तमसेच्या बोलण्यांतून आपणांस ओझरतें कळतें. विदर्भांतील पद्मपुराच्या या कवीला पुरुषाचा पश्चात्ताप जितका कळला, तितकी स्त्रीची रात्र त्यानें दाखविली नाहीं.

तुलनेसाठीं एका परक्या ग्रंथाचें स्मरण होतें. टॉल्स्टॉयची 'ॲना कॅरेनिना' ही कादंबरी १८७५ ते १८७७ या काळांत प्रसिद्ध झाली. तिच्या सातव्या भागांत लेव्हिन आणि किटी हीं पतिपत्नी बाळंतपणासाठीं मॉस्कोंत येऊन राहिलीं आहेत. दिवस उलटून गेले तरी कांहीं चिन्ह नाहीं. एके दिवशीं पहाटे किटी त्याला जागें करते. पुढें लेव्हिनची जी तारांबळ उडते तिचें वर्णन वाचतांना हंसूं येतें आणि घसा दाटतो. तो डॉक्टराकडे धांवतो, तर डॉक्टर सावकाश कॉफी घेत बसतो. जगांतल्या सर्व माणसांना आज एवढी सवड कशी, हेंच त्याला कळत नाहीं. त्याचा देवावर विश्वास नाहीं, आणि तो प्रार्थना करूं लागतो. कळा वाढतात तसें त्याला मूलहि नकोसें होतें; शेवटीं तर हा छळ थांबावा याहून त्याची दुसरी इच्छाच उरत नाहीं. आणि मूल झाल्यावर? आनंद नव्हे, तर एक नवीच भीति त्याच्या मनांत शिरते: आपल्याला जेथें जखम होऊं शकेल असें आणखी एक ठिकाण आजपासून या जगांत झालें! बाप होणें म्हणजे काय, हें इतक्या खरेपणानें सांगणारें लिखाण आमच्या वाचनांत दुसरें नाहीं.

लेव्हिन राजा नाहीं, वीर नाहीं. त्याच्या हातून त्या दिवशीं एकहि उपयोगाचें काम होत नाहीं. पण तो भिंतीपलीकडे आहे, आणि किटीला तें ठाऊक आहे. राम सर्व कांहीं करूं शकतो. तो तेथें नाहीं.

आतां सातव्या अंकाकडे येऊं. गंगेच्या तीरीं वाल्मीकीचें नाटक अप्सरा करून दाखवीत आहेत आणि राम प्रेक्षक म्हणून बसला आहे. नाटकांतील या नाटकाला शास्त्रांत 'गर्भांक' म्हणतात. शब्द जुना आहे आणि तो पारिभाषिक आहे. परंतु येथें तो जितका सार्थ झाला आहे तितका दुसरीकडे झालेला आम्हीं पाहिला नाहीं. पडद्याआड सीतेचा आक्रोश ऐकूं येतो: मी एकटी आहें, असहाय आहें, रानांत मला कळा लागल्या आहेत. ज्या वेळीं राम तेथें असावयास हवा होता, ती वेळ बारा वर्षांनीं त्याच्यापुढें येऊन उभी राहिली आहे; आणि आतां मात्र त्याला पाहण्यावांचून कांहीं करतां येत नाहीं. तो भान विसरून हांका मारूं लागतो. तेव्हां लक्ष्मण त्याला आठवण करून देतो कीं, हें नाटक आहे.

येथें पहिल्या अंकाचें वर्तुळ पुरें होतें. तेव्हां सीता भ्याली होती आणि राम म्हणाला होता, हें चित्र आहे. आज राम भ्याला आहे आणि त्याला सांगितलें जात आहे, हें नाटक आहे. दुसऱ्याच्या भीतीला 'हें खरें नव्हे' म्हणणें किती सोपें आणि तें स्वतः ऐकणें किती निरुपयोगी, हें रामाला त्या क्षणीं कळलें असेल. सीतेची ती भीति खोटी नव्हती. चित्र खोटें होतें, भीति खरी ठरली. भवभूतीनें शेवट गोड केला म्हणून त्याला दोष देणारे आहेत. परंतु अरुंधती सीतेला घेऊन येते ती रामानें ही प्रसूतीची घटका 'भोगल्या'नंतर, आणि मूर्च्छित रामाला सावध करते ती सीतेच्या हातून. तोंवर पुनर्मीलन नाहीं. कवीनें हें प्रायश्चित्त फार विचारानें योजिलें आहे असें आम्हांस वाटतें.

हें नाटक आजच्या सुशिक्षित घरांतून वाचलें जावें तें याच दृष्टीनें. आजहि गर्भिणीची धास्ती ही कांहीं थोड्यांची गोष्ट नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें गर्भवतींपैकीं शेंकडा सुमारें १० आणि नुकत्याच प्रसूत झालेल्यांपैकीं शेंकडा सुमारें १३ स्त्रियांना मनाचा कांहीं विकार, विशेषतः विषण्णता, जडते. विकसनशील देशांत हें प्रमाण अनुक्रमें १५.६ आणि १९.८ इतकें आहे. हा विकार झाला, तर त्याला वैद्याचा उपचार आहे आणि तो लपविण्यांत शहाणपण नाहीं. पुरुषाच्या धास्तीची तर आपल्याकडे विचारपूसहि होत नाहीं. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही आपली रीत मुलीच्या विश्रांतीसाठीं चांगली आहे. पण तिनें बापाला वडीलपण येईपर्यंत दाराबाहेर ठेविलें, हेंहि खरें आहे. त्याला निरोप मिळतो, पेढे मिळतात. भीति वांटून घेण्याची संधि मिळत नाहीं.

आमच्या घरची हकीकत अपुरी ठेवणें बरें नव्हे. आठव्या महिन्यांत एके रात्रीं फोनवर नेहमीचा प्रश्न आला. मुलगी नेहमीचें उत्तर देतां देतां थांबली आणि म्हणाली, "मला फार भीति वाटते." पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग जांवई म्हणाले, "मलाहि." तो फोन त्या दिवशीं एक तास चालला, आणि पुढल्या शनिवारीं ते रजा टाकून आले ते बाळंतपण होईपर्यंत राहिले. भीति गेली असें कोणी म्हणालें नाहीं. पण खिडकीपाशीं त्यानंतर दोघेंजण बसूं लागलीं. नात आतां रांगूं लागली आहे.

'तुम्हीहि बरोबर यावयाचें' हें सीतेनें एकदां सांगितलें होतें. रामानें तें ऐकलें, आणि समजला मात्र नाहीं. भवभूतीच्या नाटकाचें सारें करुण त्या एका न पुरविलेल्या डोहाळ्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.